उजवी बाजू आधी

मुल्लाची धाव मशिदीपर्यंत, असं लोक म्हणतात. पिंपळदऱ्याच्या मदारभाई मुलाण्याला तेवढंही सुख नव्हतं, कारण धावत जायला गावात मशीदच नव्हती. ओढ्याकाठच्या टेकाडावर, निंबाच्या झाडाखाली एक पीर होता, आणि त्या पिराला नवस बोलणारे झाडून सगळे हिंदू. पीर मुसलमानांचा, नवस मराठ्यांचे आणि मधे दिवा लावायला मदारभाई. पिढ्यान्‌पिढ्या हा कारभार असाच चालला होता आणि त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नव्हतं.

गावात मुसलमानाचं घर हे एकच. मुलाण्याने सुरी फिरवल्याशिवाय पिंपळदऱ्यात कोणी मटणाला शिवत नसे. यमाईची जत्रा असो की पिराची कंदुरी, बकरं दारात उभं राहिलं की हाक मदारभाईला. तो टोपी सारखी करणार, ओठांतल्या ओठांत अल्लाचं नाव घेणार, मग सुरी उचलणार. पाटलाचे पाहुणे पाटावर ताटकळले तरी चालतील, पण मुलाणी आल्याशिवाय बकऱ्याला हात लागायचा नाही. मोहरमचा डोला तर मारुतीच्या पारावरूनच उठायचा आणि त्याला खांदा द्यायला गावातले गडी एकमेकांना ढकलायचे. सारा गाव मदारभाईचा होता. पण ईदच्या नमाजाला कोणाच्या तरी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, तर त्याला तिसगावपर्यंत पायपीट करावी लागे. रोजची नमाज घरातच, भिंतीकडे तोंड करून, एकट्याची.

घरात तो आणि त्याची बायको हुरमतबी. मुलगा निजाम श्रीरामपुरात शिलाईचं मशीन चालवायचा, त्याचा संसारही तिकडेच. हुरमतबी नऊवारी नेसायची, शेजारच्या मनकर्णेबरोबर जात्याला बसायची, संक्रांतीला घरोघर वाण घ्यायला जायची. फक्त कुंकवाचं बोट कपाळाकडे आलं की मान मागे घ्यायची. “कपाळाला नगं बाई, पोतीला लाव,” असं म्हणून गळ्यातली काळ्या मण्यांची पोत पुढे करायची. बायका पोतीला कुंकू लावायच्या. कोणाचं काही अडलं नाही.

तिचं आणखी एक काम होतं, ज्याला ना बलुतं होतं ना कोणाचा वाटा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुठे मुसलमान बाई गेली की तिला शेवटचं न्हाऊ घालायला हुरमतबीला बोलावणं यायचं. परत आली की ती जेवताना सगळं सांगायची. उजवी बाजू आधी, मग डावी, पोटावरून हात किती हलका फिरवायचा, केसांच्या बटा कशा करायच्या. मदारभाईचा घास तोंडातच फिरायचा.

“गप की. जेवताना कशाला?” तो म्हणायचा.

ती हसायची. “मी समद्यांना घालते. मला कोन घालनार?”

“मी हाय की.”

“तुमी? जीव गेला की निका सुटला. तुमाला तर हात बी लावता येनार न्हाई.”

“बरं बाई, नीट करीन तुजं समदं. जबान देतो. आता भाकर वाढ.”

जबान द्यायला काय जातं! भुकेला माणूस भाकरीसाठी काहीही कबूल करतो.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा दुष्काळातला तेरावा महिना होऊन आला. विहिरींचे तळ दिसले. गाव टँकरच्या पाण्यावर आणि दुष्काळी कामाच्या खडीवर जगत होतं. पलीकडच्या वाडीतलं पिंजाऱ्याचं घर उठून नगरला गेलं, आताराचं भिवंडीला. ज्या बायकांच्या घरी हुरमतबी जायची, त्या सगळ्या पांगल्या. आणि वैशाखात, तापाने खंगलेली हुरमतबी एके दिवशी उजाडता उजाडता गेली.

मदारभाईने तिच्या तोंडात पाणी घातलं होतं, कानाशी कलमा म्हटला होता. तिचे डोळे उघडेच राहिले. ते मिटायला त्याचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. निका सुटला. त्याच्या बापाने हेच सांगितलं होतं आणि हुरमतबीनेही. मघापर्यंत ज्या कपाळावर तो ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होता, ते कपाळ आता परक्या बाईचं झालं होतं. त्याने हात मागे घेतला आणि भिंतीवरून मनकर्णेला हाक मारली.

मनकर्णा धावत आली, बघून मटकन खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “भावजी, डोळं तर मिटायचं तिचं.”

“तुमी मिटा वैनी. मी आता परका.”

“परका? एवढा जलम नांदवली अन् आता परका?”

“आमच्यात तसंच हाय.”

मनकर्णेने हुरमतबीचे डोळे मिटले, पण मदारभाईकडे तिने असं पाहिलं की त्याला मान वर करवेना.

मनकर्णेचा नवरा कारभारी म्हणजे मदारभाईचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने आपल्या पुतण्याला, गोरक्षला, सायकलवर तिसगावला पिटाळलं. निजामला तार करायची आणि न्हाऊ घालणारी बाई घेऊन यायचं. गोरक्ष परत आला तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. तार गेली होती, बाई आली नव्हती. तिथली जाणती बाई लेकीकडे गेलेली, आणि बाकीच्या लांबच्या रस्त्यावर खडी फोडायला, त्या दिवेलागणीला परतणार. एवढ्या उन्हात माती तोवर ठेवायची कशी?

मदारभाई उंबऱ्यावर बसून राहिला. तिने उभी हयात दुसऱ्यांच्या बायका न्हाऊ घातल्या आणि तिच्या वेळेला आपल्यातली एक बाई मिळू नये, याचा त्याला संताप येत होता. संताप कोणावर काढायचा? दुष्काळावर? शेवटी तो उठला.

“वैनी, तुमीच घाला न्हाऊ. मी भाईरनं सांगतो.”

गाव करी ते राव न करी, हे काही खोटं नाही. त्या दिवशी अर्धं गाव खडीवर गेलं नाही. टँकरच्या पाण्यातून पोरांना घोट घोट मोजून देणाऱ्या बायका एकेक कळशी घेऊन आल्या आणि काही न बोलता दारात ठेवून मागे सरल्या. मारुतीच्या देवळातून सहादेव गुरवाने कापराची पुडी पाठवली. गावातला आसाराम आणि कारभारी पहारी घेऊन टेकाडावर गेले, आणि पिराच्या अंगाला वाळलेली जमीन फोडायला लागले. तो आवाज घरापर्यंत येत होता.

परसात मनकर्णेच्या दोन लुगड्यांचा पडदा केला. आत मनकर्णा आणि वरल्या आळीची कडूबाई. छबूबाई बाहेर तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत बसली होती. ती तरणी असतानाच विधवा झालेली, आता केस पांढरे. सवाष्णीच्या मातीला तिने शिवायचं नाही, म्हणून तिच्याकडे चूल. मदारभाई पडद्याकडे पाठ करून शेवग्याखाली उभा राहिला.

“आदी अंगावरचं उतरवा,” तो म्हणाला. “बांगड्या, पोत, समदं.”

पडद्यामागची कुजबुज थांबली.

“वैनी?”

“न्हाई भावजी,” मनकर्णेचा आवाज आला. “ते न्हाई व्हायचं.”

“का?”

“तुमी जित्ते हायसा. नवरा जिता असताना बाईची पोत काढायची? तिनं एवढं पुन्य केलं, सवाशीन गेली. तिला रांडाव करून धाडू व्हय आमी?”

“आमच्यात काय बी ठिवत न्हाईत वैनी. राजा असो का फकीर, मोकळं जायाचं असतं.”

“तुमच्यात असंल. पन हात आमचा हाय.”

मदारभाईचं खोटं नव्हतं आणि तिचंही खोटं नव्हतं, म्हणूनच ते मिटत नव्हतं. दोघांनाही तिचं भलंच करायचं होतं. ऊन उतरत चाललं होतं, चुलीवरचं पाणी उकळून आटत होतं. तो तरातरा पडद्याशी आला. लुगड्याच्या पलीकडे हातभर अंतरावर ती होती. मीच काढतो, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. लुगड्याचा काठ त्याने मुठीत धरला आणि तसाच उभा राहिला. जबान दिली होती, सगळं नीट करीन म्हणून. आत जावं तर जबान मोडते, न जावं तरी मोडते. त्याने काठ सोडला, शेवग्याखाली गेला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

चुलीपाशी छबूबाई उठली. “मी काढते,” म्हणाली.

“छबे, तू सवाशिनीला शिवू नगं,” कडूबाई आतून ओरडली.

“शिवले तर काय व्हईल तिला? मरंल?”

छबूबाईने पदर खोचला आणि पडद्याआड जाता जाता विचारलं, “मुलाणीदादा, तुमी सकाळी मनकर्णेला म्हनला, जीव गेला की नातं सुटलं. खरं हाय का ते?”

“खरं हाय आक्का.”

“मंग ती सवाशीन बी न्हाई अन् रांडाव बी न्हाई. निस्ती बाई हाय.” ती आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, कोणाला उद्देशून नव्हे, असाच. “आमचं असं न्हाई. माजा गेला त्याला जलम झाला, अजून सुटंना.”

छबूबाई बाहेर आली तेव्हा तिचे हात तेलाने माखले होते. ओंजळीत हिरव्या बांगड्या होत्या आणि वर पोत. पोतीला ताजं कुंकू होतं. काढण्याआधी मनकर्णेने ते शेवटचं लावलं होतं, कपाळाला नाही, पोतीलाच.

“एक बी फुटू दिली न्हाई,” छबूबाई म्हणाली आणि सगळं त्याच्या हातात ठेवून पुन्हा आत गेली. आता तिला कोणी अडवलं नाही.

मदारभाई सांगत गेला. आधी हात, तोंड, नाक. मग उजवी बाजू, मग डावी. पाठीला टेका देऊन थोडं बसवायचं, पोटावरून हलका हात. शेवटच्या पाण्यात कापूर. आतून “झालं” असा आवाज आला की तो पुढचं सांगायचा. त्याने आजवर बाप्ये न्हाऊ घातले होते, बाईचं त्याला ठाऊक नव्हतं. बाईला कफनाचे कपडे पाच. त्यातला छातीबंद आत बांधायचा की बाहेरून, तेच त्याला आठवेना. हुरमतबीने सांगितलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं आणि तो “गप की” म्हणाला होता. आता पडद्याआड ती गप होती.

“भावजी, हे कुठं?” मनकर्णा विचारत होती.

“भाईरनं,” तो म्हणाला. अंदाजाने म्हणाला.

जनाज्याची खाट गावात नव्हती, पाटलाच्या वाड्यावरची बाज आली. कारभाऱ्याने पहिला खांदा दिला. टेकाडावर नमाजाला मदारभाई पुढे उभा राहिला. मागे गाव दाटून उभं होतं, पायताणं काढून, पागोट्यांची टोकं सावरत.

“आमी काय म्हनायचं?” कारभाऱ्याने हळूच विचारलं.

“काय न्हाई. निस्तं मागं उभं ऱ्हावा.”

त्याने हात बांधले. अल्लाहु अकबर म्हटलं. मागून कोणाचा प्रतिसाद नाही, कोणीतरी खोकलं तेवढंच. एवढी माणसं त्याच्या पाठीशी उभी होती, त्यातल्या प्रत्येकाला रडू येत होतं आणि तरी मागणं मागणारा तो एकटाच होता. हुरमतसाठी वर गेलेला आवाज एकच, तोही चिरकलेला. एवढा एकटा तो कधी झाला नव्हता. कबरीत तिला आसारामने आणि कारभाऱ्याने उतरवलं. मदारभाईने वरून सांगितलं, तोंड मावळतीकडे. मग त्याने माती लोटली. सकाळपासून तिच्यासाठी त्याच्या हाताने झालेलं एवढंच काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी निजाम आला. बरोबर श्रीरामपूरचे एक म्हातारे मौलवी होते. कबरीवर फातिहा झाली. मदारभाईने मौलवींना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. छातीबंदाचंही सांगितलं.

मौलवींनी दाढीवरून हात फिरवला. “आत चालतो, बाहेरून पण चालतो. तुम्ही मजबूर होता. अल्ला बघत होता, त्यानं कबूल केलं असेल. जीव खाऊ नका.”

मौलवी बोलून मोकळे झाले. निजामला मात्र ते गिळवेना. घरात आल्यावर तो म्हणाला, “अब्बा, माझ्या आईला हात लावणारी एकसुद्धा आपली नव्हती?”

“मनकर्णा काय परकी हाय?”

“तसं नाही म्हणत मी.” निजामचे डोळे भरले. “पण तिच्याजवळ कुराणातलं यासीन वाचणारं तरी कुणी असायला हवं होतं. आणि उद्या तुमचं काय? चला माझ्याबरोबर. तिथं मशीद आहे, जमात आहे. इथं कोण आहे तुमचं?”

निजामने कोनाड्यातली पोत उचलली. मण्यांना कुंकू दिसलं तसा खिशातून रुमाल काढून ते पुसायला लागला. मदारभाईने पोत त्याच्या हातातून काढून घेतली.

“ऱ्हाऊ दे. ती जागा तुज्या आईनंच दिली हुती त्याला.”

बांगड्या त्याने सुनेसाठी दिल्या, पोत ठेवून घेतली. श्रीरामपूरला गेला नाही. “मी उठलो तर तिच्यावर पानी कोन घालनार?” एवढंच म्हणाला. निजाम मौलवींना घेऊन परत गेला. जाताना वळून वळून बघत होता.

मग घर ओकं झालं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गावाने त्याला उपाशी ठेवलं नाही. आज या घरची भाकरी, उद्या त्या घरची. भाकरी आणणारा दारात थोडा वेळ बसायचा, पाण्याचं, टँकरचं बोलायचा आणि उठायचा. त्यालाही खडीवर जायचं असायचं. आपल्या वाट्याच्या पाण्यातून एक तांब्या मदारभाई रोज टेकाडावर न्यायचा. तापलेली माती ते पाणी बघता बघता पिऊन टाकायची. तो तिथे बसायचा, येत होत्या तेवढ्या दुवा म्हणायचा, संपल्या की पहिल्यापासून म्हणायचा. घरी येऊन भाकरी पुढ्यात घेतली की त्याला कोणी काही सांगत नव्हतं. एवढी शांतता त्याने आयुष्यभर मागितली होती, आणि आता ती त्याला खायला उठत होती.

एके दिवशी भाकरी घेऊन कारभारी आला आणि जेवायलाच बसला. हुलग्याचं पिठलं होतं. दोघे खाली मान घालून जेवत होते.

“कारभारी,” मदारभाई म्हणाला, “उजवी बाजू आदी. मंग डावी.”

“कशाची?”

“न्हाऊ घालताना. पोटावरनं हात हलका. शेवटच्या पान्यात कापूर. बाप्याला कपडं तीन.”

कारभाऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. “गप की मदार. जेवताना कशाला?”

मदारभाईने त्याच्याकडे बघितलं. हेच शब्द, याच जागी, याच ताटावर. “मी बी हेच म्हनायचो तिला,” तो म्हणाला. “ऐकलं असतं तर त्या दिवशी अंदाजानं सांगावं लागलं नसतं. ऐक रं बाबा.”

“निजाम हाय की. सांगावा धाडला की यील तो.”

“तिच्या टायमाला तरी आला का? मातीला त्यो पोचला न्हाई.” मदारभाईने ताट बाजूला सारलं. “तिच्या येळंला पडद्याभाईर उभं ऱ्हाऊन सांगाया मी हुतो. माज्या येळंला मी आत असंन. कोन सांगनार तुला?”

कारभारी भाकरीकडे बघत राहिला. त्याने हातातला घास ताटात ठेवला, हात धुवायला तांब्या उचलला आणि पाणी आठवून परत खाली ठेवला. हात त्याने धोतरालाच पुसले.

“सांग,” तो म्हणाला.

मदारभाईने सांगितलं. सावकाश, एकेक करून. मग म्हणाला, “आता तू म्हन.”

कारभाऱ्याने मान खाली घातली. शाळेत मास्तरांपुढे दोघे उभे राहायचे तेव्हा घालायचा तशी. “हात,” तो म्हणाला. “तोंड. नाक. मंग... मंग डावी बाजू...” डोळ्यांतलं पाणी पिठल्यात पडत होतं.

मदारभाई थांबला. त्याला घाई नव्हती.

“चुकला,” तो म्हणाला. “पुन्हा पहिल्यापासून सांग.”